बेळगाव-खानापूरचा नकाशा आपणच करूया: ठिकाणांच्या यादीपासून लिंक पाठवण्यापर्यंत

गूगल मॅप्सवर नुसते 'खानापूर' शोधा. आपले खानापूर पुढे येईल की सांगली जिल्ह्यातले, याचा भरवसा नाही. 'शहापूर' लिहिले तर ठाणे जिल्ह्यातलेही आहे, यादगीर जिल्ह्यातलेही आहे आणि बेळगाव शहरातलेही. 'वडगाव' तर विचारूच नका. गोकाकचा धबधबा बघायला निघालेला पाहुणा फोनवर 'गोकाक' टाकतो आणि गोकाकच्या बाजारपेठेत जाऊन उतरतो. धबधबा तिथून काही किलोमीटरवर. सौंदत्तीचेही तसेच. गाव खाली, यल्लम्माचे देऊळ डोंगरावर.

आपल्या भागात हे रोज घडते, कारण बहुतेक ठिकाणांची माहिती माणसांच्या तोंडी आहे. 'येळ्ळूरच्या वेशीतून वर जा, कुणालाही विचारा' एवढे सांगितले की आपले काम झाले असे आपल्याला वाटते. पुण्याहून, कोल्हापूरहून येणाऱ्या माणसाला ते पुरत नाही. आपल्याच शाळेतल्या मुलांनाही आता पुरत नाही. म्हणून आपल्या भागाचा आपण खुणा केलेला नकाशा हवा, आणि तो करायला पैसे लागत नाहीत. हे काम कसे करायचे ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरण म्हणून बेळगाव-खानापूर परिसरातली इतिहासाची ठिकाणे घेतली आहेत. तुम्हाला गणेशोत्सवातली मंडळे, गावोगावची मराठी वाचनालये किंवा ग्रामदेवतांच्या यात्रा नोंदवायच्या असतील, तरी पद्धत हीच.

साधन म्हणून मी 'गूगल माय मॅप्स' सुचवतो. रोजच्या गूगल मॅप्सचाच हा भाऊबंद, पण इथे नकाशा तुमचा असतो. त्याचे अँड्रॉइड ॲप २०२१ मध्ये बंद झाले, म्हणून नकाशा तयार करायला संगणक घ्या. बघायला मोबाइल चालतो.

आधी यादी, मग नकाशा

संगणक उघडायच्या आधीचे काम सगळ्यात मोलाचे आहे, आणि बहुतेक नकाशे फसतात ते इथेच. लोक थेट नकाशा उघडतात, दिसेल तिथे पिन मारत सुटतात, आणि आठवड्याभरात चाळीस पिनांचा असा गुंता होतो की कुठली कशासाठी हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

नकाशा कोण वापरणार, हे पहिल्यांदा एका वाक्यात लिहून काढा. 'शनिवार-रविवारी बाहेरून आलेल्या कुटुंबाला बघता येतील अशी ठिकाणे' हा एक नकाशा. 'आठवीच्या मुलांना इतिहास शिकवायला नेता येईल अशी ठिकाणे' हा दुसरा. दोन्हींत राजहंसगड येईल, पण सोबतची माहिती वेगळी असेल. दोन्ही एकात कोंबू नका.

मग स्प्रेडशीट उघडा. गूगल शीट्स उत्तम, कारण देवनागरी अक्षरे तिथे बिघडत नाहीत. एक्सेल वापरत असाल तर फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' या प्रकारातच सेव्ह करा, नाहीतर नकाशावर हलशीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसेल. पहिल्या ओळीत रकान्यांची नावे द्या. माझ्या मते एवढे रकाने पुरतात: नाव, कन्नड नाव, इतर नावे, प्रकार, अक्षांश, रेखांश, माहिती, कधी जावे, शेवटची खात्री कधी केली. एका ओळीत एकच ठिकाण.

कन्नड नावाचा रकाना टाळू नका. बसवरची पाटी कन्नडमध्ये, रस्त्यावरचा दगड कन्नडमध्ये आणि विचारणाऱ्याच्या तोंडी मराठी नाव, ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे. हलशीला किंवा कणकुंबीला निघालेल्या परक्या माणसाच्या फोनवर कन्नड लिपीतले नाव तयार असेल, तर ते पाटीशी ताडून बघता येते, कंडक्टरला दाखवता येते. हे नाव स्वतः अंदाजाने लिहू नका. कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याला किंवा मैत्रिणीला दाखवून घ्या. 'इतर नावे' या रकान्यात सगळी रूपे येऊ द्या: सौंदत्ती आणि सवदत्ती, हलशी आणि हलसी, बेळगाव आणि बेळगावी. शहराचे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले, त्यामुळे जुन्या-नव्या कागदांत दोन्ही सापडतात.

सारख्या नावांच्या गावांना यादीतच वेगळे करा. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द या दोन जागा आहेत. नुसते 'कंग्राळी' लिहिलेली ओळ पुढे हमखास घोटाळा करते. तालुकाही लिहा.

आता यादीत काय? सुरुवातीला दहा-बारा ठिकाणे पुरे. बेळगावचा भुईकोट किल्ला आणि त्याच्या आत १२०४ साली बांधलेली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर, जिथे डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. रिसालदार गल्लीतले ते घर, जिथे १८९२ साली स्वामी विवेकानंद उतरले होते. येळ्ळूरचा राजहंसगड. राणी चन्नम्मांचे जन्मगाव काकती, आणि महामार्गावर धारवाडच्या वाटेवर कित्तूरचा किल्ला. नंदगडला चन्नम्मांचे सेनानी संगोळ्ळी रायण्णा यांची समाधी. त्यांना १८३१ मध्ये तिथेच फाशी दिली गेली. हलशीला कदंबकालीन भूवराह नरसिंहाचे देऊळ. कणकुंबीला माउलीचे देऊळ आणि मलप्रभेचा उगम. एवढ्यावरच चांगला नकाशा उभा राहतो. पन्नास अर्धवट पिनांपेक्षा बारा खात्रीच्या पिना केव्हाही बऱ्या.

पिन दारात पडली पाहिजे

अक्षांश-रेखांश गोळा करणे हे या कामातले सगळ्यात कष्टाचे आणि सगळ्यात महत्त्वाचे काम. नकाशा गावाचे नाव ओळखून पिन स्वतः लावू शकतो, पण ती पिन गावाच्या मधोमध पडते. हलशीत भूवराह नरसिंहाचे देऊळ गावात आहे आणि रामेश्वराचे देऊळ टेकडीवर. गावावर एकच पिन मारली तर दुसरे देऊळ बघायचे राहूनच जाते. किल्ल्यांच्या बाबतीत पिन दरवाजावर हवी, किल्ल्याच्या मध्यभागी नव्हे, कारण वाट दाखवणारे ॲप माणसाला पिनेच्या जवळच्या रस्त्यावर आणून सोडते. तो रस्ता तटाच्या पलीकडच्या बाजूचा असला तर खंदक ओलांडून जाणार कसे?

संगणकावर जागा मिळवायची सोपी रीत अशी. गूगल मॅप्स उघडा, उपग्रहाचे चित्र चालू करा, दरवाजा किंवा देवळाचा कळस दिसेपर्यंत जवळ जा आणि त्या बिंदूवर माऊसचे उजवे बटण दाबा. सगळ्यात वर दोन आकडे दिसतात. त्यांवर क्लिक केले की ते कॉपी होतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. बेळगाव शहराचे आकडे साधारण १५.८५ आणि ७४.५० असे आहेत. शीटमध्ये टाकताना मात्र इंग्रजी अंकच वापरा. देवनागरी अंक असले की तो रकाना संख्या म्हणून वाचला जात नाही.

या दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर तुमचा राजहंसगड नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो. पिन कुठेच दिसेना असे झाले की पहिल्यांदा हेच तपासा. आपल्या भागापुरता नियम सोपा आहे: १५ किंवा १६ ने सुरू होणारा आकडा अक्षांश, ७४ किंवा ७५ ने सुरू होणारा रेखांश.

दशांशानंतर किती आकडे ठेवायचे? दोनच ठेवले तर पिन किलोमीटरभर सरकू शकते. चार ठेवले तर फरक सुमारे अकरा मीटरचा, पाच ठेवले तर मीटरभराचा. पाच ठेवा. त्याहून जास्त आकड्यांना अर्थ नाही, फोनचा जीपीएस तेवढा अचूक नसतोच.

प्रत्यक्ष जागेवर जाणे होत असेल तर सोन्याहून पिवळे. दरवाजासमोर मोकळ्या आभाळाखाली उभे राहा, फोनवरच्या निळ्या ठिपक्याभोवतीचे वर्तुळ आकसेपर्यंत थांबा, मग त्या जागेवर बोट दाबून धरा. पिन पडते आणि आकडे दिसतात. बेळगावच्या अरुंद गल्ल्यांत, दोन्ही बाजूंना उंच घरे असली की ठिपका शेजारच्या गल्लीत सरकलेला दिसतो. रिसालदार गल्लीतल्यासारख्या जागेसाठी उपग्रहाच्या चित्रावर छप्पर ओळखून पिन लावणेच जास्त खात्रीचे.

गावोगावच्या मित्रांकडून माहिती मागवत असाल तर त्यांना नेमके काय पाठवायचे ते सांगा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यात दडलेली जागेची नोंद निघून जाते. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर त्या जागी उभे राहून 'करंट लोकेशन' पाठवायला सांगा. 'लाइव्ह लोकेशन' नको. ते माणसाबरोबर फिरत राहते आणि ठरल्या वेळी बंद होते. आलेले लोकेशन नकाशात उघडले की आकडे मिळतात. ते उपग्रहाच्या चित्रावर एकदा डोळ्यांनी पडताळा, मगच शीटमध्ये चढवा.

नकाशा उभा करणे

यादी तयार असली की पुढचे काम एका बैठकीचे आहे.

संगणकावर 'गूगल माय मॅप्स' शोधून उघडा, गूगल खात्याने आत जा आणि 'क्रिएट अ न्यू मॅप' दाबा. डावीकडे वर 'अनटायटल्ड मॅप' असे दिसते. त्यावर क्लिक करून नाव आणि दोन ओळींची माहिती लिहा. नाव असे हवे की लिंक उघडणाऱ्याला काय बघतो आहोत ते लगेच कळावे. 'माझा नकाशा' असे नाव कुणाच्याच उपयोगाचे नाही. त्याखाली एक रिकामा थर, म्हणजे लेयर, आधीच असतो. त्यातल्या 'इम्पोर्ट'वर क्लिक करून तुमची शीट किंवा सीएसव्ही फाइल निवडा.

आता दोन प्रश्न विचारले जातात. जागा कोणत्या रकान्यांवरून ठरवायची? तिथे अक्षांश आणि रेखांश या दोन्ही रकान्यांवर टिक करा आणि कोणता कुठला ते सांगा. पिनेचे शीर्षक कोणत्या रकान्यातून घ्यायचे? 'नाव' निवडा. 'फिनिश' दाबले की पिना नकाशावर उमटतात. काही ओळी दाखवता आल्या नाहीत असा संदेश आला तर घाबरू नका. 'ओपन डेटा टेबल' उघडा. चुकलेल्या ओळी तिथे वेगळ्या दिसतात. बहुतेक वेळा आकड्याच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा किंवा दोन्ही आकडे एकाच चौकटीत पडणे, एवढेच कारण असते.

एका नकाशात दहापर्यंत थर करता येतात, आणि एका थरात दोन हजारांपर्यंत नोंदी. आपल्याला एवढे कधीच लागणार नाही, पण थर विचारपूर्वक पाडा, कारण बघणाऱ्याला थर चालू-बंद करता येतात. प्रकारानुसार थर पाडण्यापेक्षा एका दिवसात होणाऱ्या फेरीनुसार पाडलेले मला जास्त उपयोगी वाटतात: 'बेळगाव शहर', 'खानापूर तालुका', 'गोकाक-सौंदत्तीकडे'. एका दिवशी खानापूरला निघालेल्या माणसाने बाकीचे थर बंद केले की त्याचा नकाशा मोकळा होतो. प्रकार दाखवायला रंग आहेतच.

रंगांसाठी थराखालच्या 'युनिफॉर्म स्टाइल'वर क्लिक करा आणि 'ग्रुप प्लेसेस बाय'मध्ये 'प्रकार' हा रकाना निवडा. किल्ला, देऊळ-बसदी, स्मारक, नदी-धबधबा असे गट आपोआप पडतात आणि प्रत्येकाला रंग व चिन्ह देता येते. चार-पाच प्रकारांच्या पुढे जाऊ नका. लाल आणि हिरवा एवढ्याच फरकावर विसंबू नका, काहींना ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत, चिन्हही बदला. तिथेच 'सेट लेबल्स'मध्ये 'नाव' निवडले तर पिनेशेजारी नाव दिसते. नकाशाचे मूळ रूप म्हणजे 'बेस मॅप' सगळ्यात खाली बदलता येते. खानापूरच्या जंगल-डोंगरासाठी 'टेरेन' चांगले, शहरासाठी साधा नकाशाच बरा.

नकाशात नसलेली पायवाट दाखवायची असेल तर शोधचौकटीखालचे 'ड्रॉ अ लाइन' घ्या आणि बिंदू बिंदू देत रेघ ओढा, लांबीही कळते. 'ॲड डायरेक्शन्स'ने गाडीचा मार्ग काढता येतो. अशा एका मार्गात दहा थांबे बसतात आणि तो स्वतःचा वेगळा थर व्यापतो. राज्याची किंवा तालुक्याची सीमा मात्र हाताने काढू नका. अंदाजाने ओढलेली सीमारेषा चुकीचीच असते, आणि आपल्या भागात तिच्यावरून नको ते अर्थ निघतात. मूळ नकाशावर जे आहे ते पुरे.

पिनेवर क्लिक केल्यावर काय दिसावे

माणूस नकाशा उघडतो तेव्हा उन्हात, रस्त्यावर, एका हातात फोन धरून उभा असतो. तीन-चार वाक्ये पुरेत. पहिल्या वाक्यात हे काय आहे. दुसऱ्यात गाडी कुठे लावायची, शेवटचा टप्पा चालत किती. तिसऱ्यात कधी जावे, कधी जाऊ नये. हा तिसरा भाग आपल्याकडे फार मोलाचा आहे. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, पावसाळ्यात पाऊस असा कोसळतो की फेब्रुवारीत सोपी वाटलेली वाट जुलैत दिसतही नाही. सौंदत्तीला माघी पौर्णिमेच्या आसपास यल्लम्माच्या यात्रेची गर्दी असते. शांतपणे देऊळ बघायचे असेल तर ते दिवस टाळायला हवेत आणि यात्राच बघायची असेल तर तेच गाठायला हवेत. हे दोन्ही लिहा.

इतिहास लिहिताना हात आखडता घ्या. गावात सांगितली जाणारी कथा असेल तर 'गावात असे सांगतात' म्हणून लिहा, साल पक्के असेल तरच साल लिहा. शिलालेख कुठल्या भिंतीवर आहे, हे सांगणारे एक वाक्य पानभर वर्णनापेक्षा जास्त कामाचे. फोटो पिन संपादित करताना कॅमेऱ्याच्या चिन्हाने जोडता येतो. एकच जोडा, आणि तो जागा ओळखू येईल असा, म्हणजे दरवाजाचा किंवा कमानीचा.

काय नोंदवू नये

बेळगाव हे लष्कराचे जुने ठाणे आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र इथे आहे, सांबऱ्याला हवाई दलाचा तळ आहे. या जागांच्या आतल्या इमारती, फाटके, फोटो नकाशावर घालू नका. किल्ल्याच्या परिसरात फोटो काढतानाही पाट्या वाचा.

जंगलाचेही असेच. भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांत रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट ही जगात अत्यंत दुर्मीळ वटवाघळे आहेत. गुहेत माणसांची ये-जा वाढली की त्यांचे बस्तान उठते. त्या गुहेची पिन, घरट्यांच्या जागा, दुर्मीळ झाडांच्या जागा आपल्या नकाशात नकोत. भीमगडाची नोंद करायचीच असेल तर वनखात्याची परवानगी लागते हे वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात येऊ द्या.

पुजाऱ्यांचा किंवा गावातल्या जाणकाराचा फोन नंबर त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. एकदा सार्वजनिक झालेला नंबर परत घेता येत नाही.

लिंक पाठवणे आणि नेटवर्क नसलेल्या जागा

नवा नकाशा फक्त तुम्हालाच दिसतो. 'शेअर' दाबून 'लिंक असलेल्या कुणालाही बघता येईल' हा पर्याय चालू करा. इंटरनेटवर शोधताना तो सापडावा असे वाटत असेल तर तोही पर्याय तिथेच आहे. संपादनाचा अधिकार मात्र दोघा-तिघांच्या ईमेलवरच द्या. सगळ्या गटाला दिला की कुणाचे तरी बोट चुकून लागते आणि अख्खा थर पुसला जातो.

लिंक पाठवण्याआधी ती दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. तुमच्या खात्यात सगळे दिसते म्हणून इतरांना दिसेलच असे नाही. लिंकचा क्यूआर कोड करून वाचनालयाच्या फलकावर, शाळेच्या कार्यालयात किंवा उत्सवाच्या मंडपात लावला तर व्हॉट्सॲपवर नसलेल्यांपर्यंतही तो जातो. लावण्याआधी संबंधितांना विचारा.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क जाते, आणि असा स्वतःचा नकाशा गूगल मॅप्समध्ये ऑफलाइन ठेवता येत नाही. त्यासाठी माय मॅप्सच्या तीन टिंबांतून 'एक्सपोर्ट टू केएमएल' निवडून फाइल उतरवा आणि 'ऑर्गॅनिक मॅप्स' या मोफत ॲपमध्ये उघडा. त्या ॲपमध्ये घरूनच कर्नाटकाचा नकाशा उतरवून ठेवला असेल तर इंटरनेटशिवाय तुमच्या पिना दिसतात आणि वाटही कळते. सहलीला मुले घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी हे आदल्या रात्री नक्की करावे.

नकाशा जिवंत ठेवणे

शीटमध्ये केलेला बदल नकाशावर आपोआप उमटत नाही. थराच्या तीन टिंबांतून पुन्हा इम्पोर्ट करावे लागते. म्हणून मूळ शीट एकच ठेवा, दुरुस्ती आधी तिथे करा आणि मग नकाशावर आणा. लोकांकडून दुरुस्त्या मिळवायला एक छोटा गूगल फॉर्म करा, त्याची लिंक नकाशाच्या वर्णनात द्या. आलेली प्रत्येक सूचना पडताळूनच घ्या. दरवर्षी पावसाळा संपला की रस्ते, पायवाटा आणि 'शेवटची खात्री' हा रकाना नजरेखालून घाला, आणि त्याच वेळी केएमएलची एक प्रत तारीख घालून जपून ठेवा.

ज्यांना या कामाची गोडी लागेल त्यांनी पुढे ओपनस्ट्रीटमॅपकडे वळावे. २००४ साली सुरू झालेला हा जगाचा खुला नकाशा आहे. आपण नोंदवलेली जागा तिथे सगळ्यांची होते, आणि प्रत्येक जागेला मराठी, कन्नड, इंग्रजी अशी वेगवेगळी नावे देता येतात. बुद्रुक-खुर्द, गल्ल्या, वाड्या, ओढे अशी कितीतरी नावे तिथे आपल्याला भरता येतील. एक नियम मात्र कडक आहे: गूगल मॅप्सवरून बघून काहीही तिथे उतरवायचे नाही. जागेवर जाऊन घेतलेले आकडे आणि स्वतःची माहिती चालते. त्यासाठी शीटमध्ये आणखी एक रकाना आजच वाढवून ठेवा: 'आकडे कुठून घेतले'. ज्या ओळींपुढे 'जागेवर जाऊन' असे लिहिले असेल, तेवढ्या ओळी उद्या ओपनस्ट्रीटमॅपवर नेता येतील.